भोपळ्याच्या कार्टूनचा शेवट

पहिली तारीख: श्रावणातला शेवटचा रविवार, दुपारी चार. दुसरी: त्यानंतरचा गुरुवार, सकाळी साडेदहा. जबाबदार व्यक्ती तीन: रोह्याचा कॅसेटवाला, माझे मेहुणे आणि, नाकारत नाही, मी स्वतः.

व्हीसीआर भाड्याने आणण्याचे ते दिवस. पेणजवळच्या हमरापूरला बहिणीच्या घरी गणपतींची आखणी, म्हणजे डोळे रंगवणे, चालू होती. तिला विरंगुळा म्हणून मी रोह्याहून कॅसेट नेली. "लहान पोरांचं हाय, साहेब. हसून लोळाल," असे आश्वासन दुकानदाराने मला दिले होते.

कार्टून चित्रपट जुना, परदेशी, ओरखड्यांनी भरलेला. मुखवटे घातलेली मुले दारोदार खाऊ मागत होती. सांगाडे अशा लयीत नाचत होते की मी मोहून गेलो आणि त्याच वेळी माझी पाठ गार पडली. मग एका ओट्यावरच्या कोरलेल्या भोपळ्याने, आत मेणबत्ती जळत असता, सावकाश डोळे वळवले आणि थेट आमच्याकडे पाहिले.

त्या घरचा नेम असा, की मूर्तीचा एक डोळा झाला की दुसरा पुरा होईतो नजर हटवायची नाही. बहिणीने ती हटवली.

"बंद कर ते! माझ्याकडं बघतंय."

"भोपळा हाय गो तो," मेहुणे हसले. "भाजी केलीस तर आठवडाभर पुरंल."

"भाजीला डोळे नसतात."

परत वळून तिने दुसरा डोळा काढला. तिरका, टोकदार, हसणारा. तो पाहून मेहुण्यांनी वायरच उपटली. शेवट कोणीच पाहिला नाही. मूर्तीवर फडके टाकले गेले.

शेवटी तो भोपळा निरुपद्रवी ठरत असेल, तर ते बहिणीला दाखवणे आवश्यक होते. रविवारीच परत केलेली ती कॅसेट मागायला मी गुरुवारी पुन्हा गेलो.

"ती नाय आता. तिच्यावर लग्नाचं शूटिंग भरलं," दुकानदार म्हणाला.

बहिणीने त्यानंतर एकही डोळा काढला नाही. अजूनही ती विचारते, "त्याचं पुढं काय झालं रे?" त्या वेळी माझी नजर आपोआप दाराकडे जाते.

सबब, ज्याने ती कॅसेट पुसली त्याने ती आधी शेवटपर्यंत पाहिली होती काय, आणि असल्यास त्या भोपळ्याचे काय झाले, हे पेण व रोहा येथील वाचनालयांच्या फलकांवर स्वतःच्या सहीनिशी जाहीर करावे. तोंडी निरोप ग्राह्य धरला जाणार नाही.