ढवळे सर आणि मिठाचं पाणी

राउंड अर्ध्यावर सोडून डॉ. ढवळे नातेवाइकांच्या बाकावर जाऊन बसायचे आणि माझी चिडचिड सुरू व्हायची. औषधं, तपासण्या, डिस्चार्ज, सगळ्याची यादी माझ्या हातात तयार, आणि हे महाशय कुणाच्या तरी सासऱ्याच्या मेंदूतली रक्तवाहिनी सिगरेटच्या पाकिटावर काढून दाखवतायत.

फरीदाबादला तेव्हा नवी सेक्टरं उठत होती. आमचं रुग्णालयही नवंच. काचेचं दार, एसी लॉबी, आणि आधी हॉटेलात नोकरी केलेले मॅनेजर. ते पेशंटला 'गेस्ट' म्हणत. मी वॉर्डची मुख्य परिचारिका. ढवळे सर नागपूरचे, मीही तिकडचीच, त्यामुळे आमची भांडणं मराठीत आणि मोकळेपणी व्हायची.

अर्धांगवायूच्या प्रत्येक पेशंटमागे एक मागणी ठरलेली, "ग्लूकोज चढ़ा दो, ताकत आएगी." सर मान हलवायचे. मला म्हणायचे, "मेंदूचं रक्त अडलंय, त्यात साखर वाढली तर नुकसानच. माणूस कोरडा पडलाय, त्याला पाणी हवं, तेही बघून बघून. ताकद बाटलीत नसते हो." हेच हिंदीत सांगताना त्यांचं व्याकरण कोसळायचं, आवाज मात्र चढायचा नाही.

"सर, हो म्हणा आणि आपल्याला हवी ती बाटली लावा. लेबल कोण वाचतंय?"

"मी वाचतो ना, सिस्टर."

जूनमध्ये एका बिल्डरचे वडील आले. उजवी बाजू लुळी, बोलणं बंद, जीभ वाळलेली. घरच्यांनी दिवसभर घरीच झोपवून ठेवलं होतं. गिळताना ठसका लागत होता, पाणी फुफ्फुसात जायची भीती, म्हणून सरांनी तोंडाने काहीही द्यायला मनाई केली आणि सलाईन सुरू केलं. मुलाने वर बघितलं. "इसमें ग्लूकोज है ना?"

"हां जी, वही है," मी म्हटलं. विषय मिटला होता. अगदी मिटला होता.

"नहीं," मागून सर म्हणाले. "नमक का पानी है."

"नमक? बीपी के मरीज को नमक?" मुलगा ओरडला. "एसी रूम का पैसा लेते हो और नमक का पानी चढ़ाते हो!"

सरांनी स्टूल ओढलं. "बैठिए, समझाता हूं." मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. मुलगा बसला नाही. त्याची धाकटी बहीण तेवढी सगळं ऐकत उभी राहिली. मॅनेजर धावत आले. "डॉक्टर साहब, बोतल ही तो है, बदल दीजिए." सरांनी बदलली नाही. मुलाने वडिलांना पलीकडच्या नर्सिंग होममध्ये हलवलं. तिथे मागाल ती बाटली लागायची.

सर स्ट्रेचरबरोबर उन्हात अँब्युलन्सपर्यंत गेले. "मुंह से पानी मत देना," ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मुलगा ड्रायव्हरशी बोलत होता.

मॅनेजर म्हणाले, माफी मागा. सरांनी राजीनामा दिला. मी संतापून म्हटलं, "एवढं वाक्य गिळलं असतं, तर पेशंट इथे असता आणि तुम्हीही इथे असतात."

"खोटं कळल्यावर त्यांनी माझं पुढचं काही मानलं असतं का?"

"आता तरी कुठे मानलं?"

त्यांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून बॅगेत ठेवला.

ते नागपूरला गेले, आणि त्याच आठवड्यात वॉर्डात त्या धाकट्या बहिणीचा फोन आला. "वो मराठी डॉक्टर हैं? यहां सब कहते हैं ठीक है. बाबूजी को पानी देते हैं तो खांसते हैं, अब बुखार भी है. सच क्या है, उन्हीं से पूछना है."

सर नाहीत, असं मी सांगितलं. तोंडाने पाणी ताबडतोब थांबवा, त्यांना परत इकडे आणा, हेही सांगितलं.

"आपने तो कहा था ग्लूकोज है," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.