टॉर्चपुढचा डोळा

कर्जतच्या मासळी बाजारात उज्वला गिऱ्हाइकांना मासे साफ करून देते. मनगटापर्यंत हात आतड्यांत, अंगावर खवले, भोवती माश्या, आणि बाई मजेत चहा पिते. उज्वलाला किळस हा प्रकारच ठाऊक नाही, असं सगळा बाजार म्हणतो. तिला किळस आली ती स्वतःच्या घरी, भिसेगावात.

भावाची, नरेशची, मुलगी यशू दीड वर्षांची. फ्लॅश मारला की तिचा उजवा डोळा मांजरासारखा पांढरा चमकायचा. नरेशने त्याचा व्हिडिओ टाकला. झालं! आला-गेला मोबाइलचा टॉर्च पोरीच्या तोंडापुढे धरू लागला. "यशू, डोळा दाखव गं!" म्हटलं की पोर हनुवटी वर करून बोटाने पापणी ताणायची. मग बिस्किट मिळायचं. उज्वलाला किळस यायची. माकडाचा खेळ मांडला होता नुसता.

पुढे तो डोळा नाकाकडे वळू लागला.

"नरेश, दवाखान्यात ने रं तिला."

"नजर लागली असंल, ताई. येवढी मानसं बघून जातात."

त्याने दाराला लिंबू-मिरची बांधली. आत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो! "त्या फोटूकडं बघायची लाज नाय वाटत तुला?" म्हणत उज्वलाने ती तोडून गटारात फेकली, आणि यशूला नि तिच्या आईला घेऊन स्वतःच निघाली.

मुंबईच्या डॉक्टरांनी तपासलं. डोळ्याच्या आत कॅन्सरची गाठ होती. उजेडात चमकत होती ती तीच. जीव वाचवायचा तर डोळा काढायलाच हवा होता. "चमक दिसली तेव्हाच आणलं असतं, तर कदाचित डोळाही राहिला असता," डॉक्टर म्हणाले. मागाहून आलेला नरेश मान खाली घालून उभा राहिला. उज्वलाला त्याची कीव आली नाही, शिसारी आली. पोरीच्या दुखण्याला या लोकांनी टाळ्या पिटल्या होत्या.

यशू वाचली. काही महिन्यांनी कृत्रिम डोळा बसवून ती घरी आली, तेव्हा शेजारच्या चंद्राबाई भेटायला आल्या. पदराने डोळे पुसून हळहळल्या आणि हळूच मोबाइल काढला.

"नवा बी चमकतो का गं?"

टॉर्च लागला. उज्वला मधे पडेपर्यंत यशूने सवयीने हनुवटी वर केली, एका बोटाने पापणी ताणली आणि बिस्किटासाठी दुसरा हात पुढे केला.

उज्वला मोरीकडे धावली आणि भडाभडा ओकली.