आडवी न झालेली खुर्ची

"तुम्हाला कुणी मारलं का?" लातूरच्या न्यूरोसर्जननी माझी एमआरआयची फिल्म प्रकाशावर धरून विचारलं.

मी हो म्हणाले. चार दिवसांपूर्वी एका पेशंटच्या नातेवाइकाने मला ढकललं होतं आणि माझी मान दिव्याच्या लोखंडी दांड्यावर आदळली होती. तेव्हापासून उजवा अंगठा आणि तर्जनी बधिर होती. खांद्यापासून मनगटापर्यंत मात्र आग होती. बसमध्ये खड्डा आला की हात तोडून खिडकीबाहेर फेकावासा वाटत होता.

"धक्क्याने भर पडली असेल," डॉक्टर म्हणाले. "पण हे चार दिवसांतलं नाही. मणक्यांच्या कडेला हाड वाढलंय, ते बघा. काम काय करता?"

"डेंटिस्ट."

"वाकून?"

उत्तर फिल्मवर होतं.

आजाराचं नाव सर्व्हायकल रॅडिक्युलोपथी. म्हणजे मानेच्या दोन मणक्यांमधली मऊ चकती बाहेर सरकते आणि हाताकडे जाणारी शीर दाबते. माझी पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली होती, तिची शीर थेट अंगठ्यापर्यंत जाते. हाताची ताकद पाचपैकी चार. सहा आठवडे औषधं आणि फिजिओथेरपी; तेवढ्या काळात ताकद आणखी घटली तर ऑपरेशन. तोवर एकही दात काढायचा नाही.

"हात पूर्ववत होईल का?" मी विचारलं.

"बऱ्याच जणांचा होतो. तुमचा होईल असं आज सांगत नाही."

दात काढणं म्हणजे अंगठ्याची ताकद. माझं वय एकोणतीस. केजच्या बसस्टँडजवळच्या दवाखान्यात मी एकटी डॉक्टर. अंगठा गेला तर मी कोण, हे मला सांगता येत नव्हतं.

हे लिहितेय ते माझ्यासारख्या, दुसऱ्याच्या तोंडात डोकं घालून दिवस काढणाऱ्यांसाठी. चूक कुठे झाली ते सांगते.

आमच्याकडे दसऱ्याच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. पाच-सहा महिने उसाच्या फडात राहायचं, तिथे दाताचा डॉक्टर कुठला. म्हणून निघण्याआधी दुखणारे, हलणारे, नुसते संशयित दातसुद्धा काढून घ्यायची पद्धत आहे. जीप भरून माणसं येतात. त्या पंधरवड्यात मी दिवसाला पंचवीस-तीस दात काढायचे. हे मारामारीचं काम आहे. दात हाडात रुतलेला असतो, त्याला आधी एलिव्हेटरने, म्हणजे चपट्या टोकाच्या हत्याराने, उचकटावं लागतं.

वरची दाढ काढताना पेशंट आडवा हवा. पण बायकांबरोबर आत सासरा किंवा भाया, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, येऊन उभा राहायचा. त्याच्यासमोर बाई आडवी होत नाही. "खुर्ची सरळच ऱ्हाऊ द्या म्याडम, भाया हायेत," ती पदर ओढत पुटपुटायची. मी खुर्ची सरळ ठेवायचे, स्वतः गुडघ्यांत वाकायचे आणि मान उलटी पिळून वर बघायचे.

त्या माणसाला बाहेर बसा म्हणणं मला जमत नव्हतं. मी परळीत कॉलनीत वाढले, इंग्रजी शाळेत शिकले. मोठ्या माणसांशी मराठीत बोलताना माझी वाक्यं घशातच दुरुस्त होत राहायची, तोवर वेळ निघून जायची. आमच्या दवाखान्यातल्या सत्यभामामावशी हत्यारं उकळतात आणि मला ओळखून आहेत. त्या म्हणायच्या, "आपण कृपया बाहेर थांबाल का म्हनल्यावर कोन जातंय? जा म्हनावं."

वर्षभर हाताला मुंग्या येत होत्या. मी हात झटकायचे आणि पेशंटला देते त्याच पाकिटातली गोळी घ्यायचे. सकाळी चहा-टोस्ट, मग थेट संध्याकाळी जेवण. पाणी पीत नव्हते, कारण आमच्या कॉम्प्लेक्समध्ये बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. दुपारी पाय थरथरायचे. पेशंटना मी रोज दोनदा ब्रश करायला सांगत होते.

त्या दिवशी मंदा आली. टोळीबरोबर दुसऱ्या दिवशी निघणार होती. वरची उजवी दाढ. भाया कोपऱ्यात उभा, खुर्ची सरळ. ती माझी बाविसावी पेशंट. मी वाकले, मान पिळली, एलिव्हेटरवर जोर दिला आणि अंगठा नाहीसा झाला. दुखला नाही, नुसता नाहीसा झाला. हत्यार निसटून तिच्या टाळूत घुसलं. दाढ मोडली, एक मूळ आतच राहिलं.

टाळूत धमनी असते. रक्त उसळून माझ्या चष्म्यावर आलं. उजवा हात उघडेना, म्हणून मी डाव्या हाताने गॉजचा बोळा दाबून धरला. मंदा हुंदका देत होती आणि तो हुंदका रक्तात बुडत होता.

"दात काढाय आनली, नरडं फाडलं की हिनं," भाया ओरडला. "मानूस मारायलीस का गं तू?"

त्याने हत्यारांचा ट्रे भिंतीवर फेकला. काचेचं कपाट फुटलं. मग माझा खांदा धरून मला हिसडलं आणि दांड्यावर ढकललं. डोळ्यांपुढे पांढरं झालं. तरी गॉज मी सोडला नाही, कारण सोडला असता तर रक्त थांबलं नसतं. मावशी मध्ये पडल्या, त्यांच्या तळहाताला काच लागली. शेजारच्या गल्लीतल्या डेंटिस्टनी येऊन मंदाच्या टाळूला टाके घातले. मी पोलिसात नोंद केली. टोळी तोवर निघून गेली होती, नोंद तशीच पडून राहिली.

चार दिवस मी स्वतःला सांगत होते, त्याने मला मोडलं. लातूरच्या फिल्मने ते अर्धंच खरं ठरवलं. त्याने केलं तो गुन्हाच होता. पण मान मी गेली चार वर्षं, एकेका सरळ खुर्चीपुढे, स्वतःच मोडत आणली होती.

पहिले दोन आठवडे मी नुसती संतापलेली होते. आईने ताटात भाकरी मोडून दिली की ताट ढकलून द्यायचे. एकदा पेन हातातून सुटलं तेव्हा तोच हात भिंतीवर आपटला. बोटं सुजली आणि अंगठ्याला त्याचा पत्ताही नव्हता. फिजिओथेरपीत ट्रॅक्शन असतं, म्हणजे यंत्राने मान ओढून मणक्यांत फट पाडतात. पट्टा हनुवटीखाली आवळला जायचा आणि मला वाटायचं, मी आता माझ्याच पेशंटांच्या जागी आहे. कुणीतरी मला मुळासकट काढतंय.

फिजिओथेरपिस्ट बाई कडक होत्या. "रडा, पण हनुवटी आत," म्हणायच्या. भिंतीला पाठ लावून हनुवटी आत ओढायची, दहा मोजायचे, सोडायचं. चौथ्या आठवड्यात शर्टाचं बटण अंगठ्याला जाणवलं. मी बटण लावलं नाही, नुसती धरून बसले.

सहाव्या आठवड्यात सर्जननी माझा हात दाबून पाहिला. "ऑपरेशन नको. पण पुन्हा तसंच काम केलंत तर मी इथेच आहे."

आता एक वाजता शटर अर्धं ओढते आणि बसून जेवते, भाकरी, डाळ, अंडं. पाणी पिते; समोरच्या कापड दुकानदारांच्या घरच्या स्वच्छतागृहात जायची सोय मावशींनी एका वाक्यात करून दिली. दर तीन पेशंटनंतर मी भिंतीला पाठ लावते. पेशंट हसतात. हसू देत.

हे सगळं सोपं होतं. अवघड ते उन्हाळ्यात आलं.

टोळ्या परतल्या आणि मंदा आली. गाल सुजलेला. ते राहिलेलं मूळ घेऊन तिने अख्खा हंगाम ऊस तोडला होता. मागून भाया आला आणि त्याच कोपऱ्यात उभा राहिला. मानेतून आग अंगठ्यापर्यंत गेली. खरी की भीतीची, कळलं नाही.

"बाहेर बसा," मी म्हणाले.

"कावून?"

"तुम्ही असलात की या आडव्या होत नाहीत. म्हणून मागच्या वेळी मला वाकावं लागलं. हत्यार माझ्या हातून निसटलं, ती माझी चूक. मला ढकललंत, ती तुमची."

तो पुढे आला. मावशींनी हातातला ट्रे खाली ठेवला.

"पुन्हा तसं झालं तर?" त्याने विचारलं. आवाज मात्र खाली होता.

"त्या ओरडतील. तुम्ही दाराबाहेरच आहात."

"आवं, जावा की," मावशी म्हणाल्या. "बाकडं काय चावतंय का?"

तो गेला. मी पडदा ओढला, खुर्ची पूर्ण आडवी केली आणि स्टुलावर ताठ बसले. मंदाचा पदर डोक्यावरून घसरला. तिने तो ओढला नाही.

मूळ निघायला दहा मिनिटं लागली. अंगठ्याला अजून अर्धीच जाणीव आहे, पण त्याने धरून ठेवलं. रक्त आलं तेवढं येतंच.

कापूस दाबून धरलेली मंदा दात मिटूनच बोलली, "दिवसाउजेडी अशी पाठ टेकाया किती वर्सांनी मिळाली."

एरवी मी पेशंटला लगेच उठवते. बाहेरून तो खाकरला, "झालं का?"

"नाही," मी सांगितलं. "अजून पाच मिनिटं."

मग मीही भिंतीला पाठ लावून उभी राहिले. हनुवटी आत.