परमा नव्हे, मोडलेली कंबर

"काय रे मास्तर, कुठल्या बाईकडे जाऊन आलास?"

चिखलीच्या बाजारातल्या डॉक्टरनं हे मला विचारलं. बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मी थंडीतापानं कुडकुडत होतो. लघवीला आग होते, पू जातो, एवढंच सांगितलं होतं. लगेच निकाल. "परमा आहे, बाईकडून लागलेला. शाळेत शिकवतो आणि हे धंदे!"

नाडी पाहिली नाही. पोटाला बोट लावलं नाही. म्हणे डॉक्टर!

बाकावरची म्हातारी पुटपुटली, "बाई बाई, मास्तर असून?"

डॉक्टरसमोरची खुर्ची बागायतदारांसाठी. तिच्यात आमच्या शाळेचे सेक्रेटरी बशीतून चहा ओढत बसले होते. मॅट्रिकच्या सुटीत यांच्याच विहिरीचा गाळ काढताना दोर तुटला आणि मी खाली आदळलो. कंबर मोडली, पाय लुळे पडले. पायांत बळ हळूहळू परत आलं. मूत्राशयाच्या नसा मेल्या त्या मेल्याच. लघवी भरलेली कळत नाही, ओटीपोट मुठीनं दाबून काढावी लागते. तरी थोडी आत राहते, सडते, ताप भरतो. मी बी.ए. झालो तो असा, पोट दाबत. आमच्या घराण्यातला पहिला.

शाळेत धोतर ओलं दिसू नये म्हणून मी दिवसदिवस पाणी टाळायचो. लघवीची आग पाहून आई म्हणायची, "उन्हाळी लागली बापा तुले," आणि धने भिजवलेलं पाणी पुढं करायची. मी ओठ ओले करून ठेवून द्यायचो. इतकी लाज. कुणाची? या बशी ओढणाऱ्यांची!

सेक्रेटरी म्हणाले, "मास्तर, बोभाटा काऊन करता? कबूल करून टाका अन् राजीनामा द्या. आमच्या पोरी शिकून राह्यल्या तिथं."

माझी मान खाली गेली. सवयच तशी. तेवढ्यात कंपाउंडर सुई घेऊन आला आणि डॉक्टर हसला.

मी सदरा वर केला. पाठ सेक्रेटरींकडे फिरवली. कॉलेजात घासून टाकलेली गावची बोली आपसूक तोंडात आली.

"पहा साहेब. तुमच्या विहिरीत मोडली हे कंबर. तवापासून मूत मुठीनं काढतो मी. त्याले परमा नाही म्हणत."

"तवा तुझ्या बापाले ज्वारी देल्ली होती ना बे?"

एका क्षणात मास्तरचा 'बे' झाला. पोराच्या कंबरेची किंमत ज्वारी, आणि तीही लक्षात ठेवलेली!

डॉक्टर गडबडला. "बरं बरं, दुसरं काही असेल. सुई घे आणि जा."

"न तपासता टोचू देणार नाही," मी म्हणालो आणि बुलढाण्याची एसटी धरली. तिथं सरकारी दवाखान्यात लघवी तपासली. अडकून सडलेल्या लघवीचा ताप, बाकी काही नाही. जे माझी आई अर्धं ओळखून होती, ते डॉक्टरची पाटी लावून बसलेल्या त्या माणसाला कळलं नव्हतं.

राजीनामा देणार नाही, हे मी तिथल्या खाटेवरच ठरवलं. वर्गात जाईन. पोरापोरींना माझ्या तोंडानं सांगीन, गुरुजींच्या मूत्राशयाच्या नसा मेल्यात, तास चालू असताना गुरुजी उठून जातील, त्यांना वेळ लागेल. हसायचं त्यानं हसावं. आणि सेक्रेटरींना मला काढायचंच असेल, तर त्यांनी त्याच वर्गात उभं राहावं आणि या मास्तरची कंबर कुणाच्या कामावर मोडली, ते आपल्या पोरींसमोर सांगून मग काढावं.