मिशीवाली परी

हेमलताबाईंना लहानपणापासून एक खोड होती. गोष्ट रंगात आली की मध्येच हात वर करायचा. औसा गावी आजी राक्षसाची गोष्ट सांगायला बसली की ही विचारणार, "पण तो काळाच का?" आजी वैतागून म्हणे, "गोरा असता तर तुला स्थळ बघितलं असतं. गप ऐक!" पुढे स्वतःच्या लग्नात त्यांनी भटजींनाही मंत्राचा अर्थ विचारून थांबवलं. मुहूर्त टळता टळता वाचला.

अशा बाई मास्तरीण होऊन कासार आंबोलीच्या शाळेत चौथीला आल्या. दर शनिवारी त्यांचा एक खास तास. पोरांनी आठवडाभर जी कार्टुनं बघितली, जी चित्रांची पुस्तकं चाळली, त्यांची यथासांग चिरफाड करायची. दोन हजार पाचचा जानेवारी होता. गॅदरिंग तोंडावर आलं होतं, नाटकात राक्षस होता, म्हणून बाईंनी विचारलं, "राक्षस कसा असतो?"

"काळा!"

"ढेरपोट्या!"

"ह्या एवढाल्या मिश्या!"

"आनि बाई, हसला का छपराचा पत्रा हालतो!"

"असा माणूस खरा कुणी पाहिलाय?"

पोरं गप्प बसतील, मग आपण म्हणू, बघा, हे नुसतं चित्रातलंच, असा बाईंचा बेत. पण मागून अपूर्वा उठली. "व्हय. हैबतआजोबा."

वर्ग असा हसला की शेजारची तिसरी कारण न कळताच हसू लागली.

हैबतराव म्हणजे गावच्या शिक्षण समितीचे अध्यक्ष. रंग तव्याचा, पोट रांजणाचं, मिश्या थेट कानाच्या भेटीला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, बाईंनी पोरांना शिकवलं, हैबतराव राक्षस! हेडमास्तर बंडोपंत गुरुजींनी कपाळाला हात लावला. "बाई, स्टेज उभं राहतं ते त्यांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर. आता नाटक काय माझ्या टेबलावर करता?"

ट्रॉल्यांचं बाईंना तितकं वाटलं नाही. पण सोमवारी सकाळी एरवी पोरांना हाका मारत जाणारा तो माणूस शाळेसमोरून मान खाली घालून गेला, ते त्यांना लागलं. शिकवायला गेलो काय आणि एका भल्या माणसाचं मन मोडून बसलो काय! हे निस्तरल्याशिवाय पडदा वर न्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. गणित बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "बरं, परी कशी असते?"

"गोरी! बारीक! पंखवाली!"

"हे झालं दिसणं. ती करते काय?"

"मागंल ते देती."

"असं कुणी पाहिलंय?"

आता मात्र पोरं डोकं खाजवू लागली. मग अपूर्वाच पुटपुटली, "मी पेरू मागितला तवा दिल्ता."

"मला ट्रॅक्टरवर बसवलं."

"माझी चप्पल वढ्यात गेली तर धोतार खोचून उतारले."

तिघांच्याही डोळ्यांपुढे त्याच एवढाल्या मिश्या होत्या. सगळे एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात दिग्विजय उभा राहिला. बावधनच्या ऑफिसात नोकरी करणाऱ्या भाडेकरूचा हा मुलगा गोरापान, चष्मेवाला, अंगाने काडी. "बाई, मग राक्षस मी होऊ? मी रोज बहिणीचा खाऊ खातो."

सगळी वरात हैबतरावांच्या ओसरीवर गेली. ते बशीतून चहा पीत होते.

"आबा, पोरांचं चुकलं," बाई म्हणाल्या.

"न्हाई बाई, बराबर हाय त्यांचं. आरसा आमी बी बघतो."

"त्यांनी तुम्हाला नाटकात घेतलंय."

"राक्षस ना? सरळ बोला की."

"परी!" पोरं ओरडली.

बशी तोंडाशीच थांबली. "पोरांनो, पाया पडतो तुमच्या, राक्षसच करा मला! परी म्हंजी... मिश्या काढाव्या लागत्याल!"

"का?" चौथीच्या अख्ख्या वर्गाने एका सुरात विचारलं.

हैबतरावांनी बाईंकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला, पुन्हा बाईंकडे पाहिलं. मग बशी खाली ठेवून म्हणाले, "पंख कुनी करनार?"

गॅदरिंगच्या दिवशी धोतर, फेटा आणि पाठीला पुठ्ठ्याचे पंख अशी परी अवतरली. गाव हसून लोळायचं बाकी राहिलं. विंगेत हेमलताबाईंनी पडद्याची दोरी घट्ट धरली. पुन्हा हसंच केलं आपण यांचं! स्टेजवर हैबतरावांना घाम फुटला, पाठ केलेलं सगळं उडालं. शेवटी ते गरजले, "कुनाला काय पायजे?"

पुढ्यात बसलेली बालवाडीतली एक चिमुरडी उठली. "खांद्यावर बशायचंय."

परी वाकली, पंख चुरगळला, चिमुरडी खांद्यावर. झालं! पोरांची रांग लागली, मागे मोठी माणसं, त्यांत बंडोपंत गुरुजीही.

"बाई, मी भांडू कधी?" राक्षस झालेला दिग्विजय विंगेतून रडकुंडीला आला.

"थांब रे, रांग संपू दे."

रांगेतून गावातल्या म्हाताऱ्या तुळजाबाई पुढे झाल्या. "परीबाई, माज्या सुनंला जरा अक्कल दे. सुना लई कपटी असत्यात."

"सगळ्याच?" स्टेजवरची चौथी खवळली. "कुटं बघितलं, आजी?"

"रोज बघती की! रात्री साडेआठला, टीव्हीत!"

"अन् घरातली?"

तुळजाबाई अडखळल्या. "ती... सयपाकात असती त्या टायमाला."

विंगेत हेमलताबाईंना एवढं हसू आलं की पडद्याची दोरी हातातून सुटता सुटता राहिली. परीने मात्र चेहरा गंभीर केला, मिशी पिळली आणि निकाल दिला, "टीव्ही बंद कर, सुनंपाशी जाऊन बस, नीट बघ तिला. मग ये. हां, फुडचा कोन?"