फ्लेक्सच्या मापाचे सर

विरूपाक्षला लातुरात सगळे 'टॉपरवाला' म्हणत. स्वतः तो बारावीला दोनदा आपटला होता. पण कुठल्याही क्लासच्या टॉपरला हार घालताना, पेढा भरवताना, त्याच्या आईवडिलांच्या डोळ्यांत पाणी येताना पडद्यावर दाखवायचं असलं की लोक त्याच्याच दुकानात यायचे. पाणी आलं नसेल तर तो तिथं सनई टाकायचा.

त्या वर्षी व्यंकटराव सरांच्या क्लासचा मोठा सत्कार होता. फिल्मची कल्पना सरांनी स्वतः दिली. भूकंपानं गावं पाडली, सरांनी लातूर उभं केलं. म्हणजे आधी ढिगारे, मग पत्र्याची शेडं, आणि त्या शेडांतून हळूहळू वर येणारा सरांचा चेहरा. भूकंप झाला तेव्हा सर पुण्यात होते, पण ही गोष्ट फिल्मच्या लांबीत बसत नव्हती.

शेडांसाठी विरूपाक्षनं एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडून वीस वर्षांपूर्वीची कॅसेट मिळवली आणि बघता बघता त्याचा हात थांबला. नळावरच्या रांगेत त्याची आई होती. तिच्या पदराला लोंबकळणारं शेंबडं पोर म्हणजे तो स्वतः. कॅमेरा दिसताच ती पदर डोक्यावर ओढते, हसते, घागर उचलून चालू लागते. एवढंच. पुढं त्याच शेडात ती तापानं गेली. घरात तिचा साधा फोटोसुद्धा नव्हता. विरूपाक्षनं ते दृश्य फिल्मला जोडलं आणि ज्या जगदेवी मावशीनं त्याला वाढवलं, तिला औशाला फोन केला.

"सत्काराला ये. तुझी बहीण दाखवतो."

"चालताना?"

"चालताना."

सत्काराच्या दिवशी कॉम्प्युटरनं दगा दिला. रेंडर लावलं, म्हणजे सगळे तुकडे जोडून एक फिल्म करायला सांगितलं, की काम किती झालं ते दाखवणारी पट्टी शेडांपर्यंत सरकायची आणि पाटी झळकायची : मेमरी अपुरी. त्यानं मशीन बंद करून चालू केलं. बाकीचे प्रोग्राम मिटले. साचलेल्या फालतू फायली पुसल्या. शेजारच्या झेरॉक्सवाल्याची रॅम उसनी आणून बसवली. पट्टी जरा घुटमळली आणि तिथंच मेली.

तेवढ्यात सर आले. उन्हाळ्यात ते 'स्मरणशक्ती वाढवा' शिबिर घेत.

"मेमरी कमी पडते? आठ दिवस माझ्याकडं पाठवा त्याला," म्हणून ते स्वतःच हसले. "अडतंय कुठं?"

"शेडापाशी, सर."

"मग भूकंप काढून टाका की. जुनी कॅसेट, जड जात असणार. आणि आता कोणाला आठवतोय भूकंप?"

"पण फिल्म भूकंपावरच हाय ना, सर."

"फिल्म माझ्यावर आहे, विरूपाक्षराव."

सर गेल्यावर त्यानं, नुसतं बघावं म्हणून, आईला बाजूला काढलं. रेंडर लावलं. पट्टी त्याच जागी पुन्हा मेली. म्हणजे आई निर्दोष होती. मग तिथं उरलं कोण? सरांचा चेहरा.

लातुरात माणसाचा फोटो हवा असला की फ्लेक्सवाल्याकडं जायचं, अशी रीतच आहे. वाढदिवस असो, निवड असो, श्रद्धांजली असो, माणसाची अस्सल प्रत तिथंच असते. 'सगळ्यात मोठा' म्हणून सरांनी हौसेनं पाठवलेला फोटो विरूपाक्षनं सवयीनं तसाच टाकला होता. ती चौकातल्या तीन मजली फ्लेक्सची मूळ फाइल होती. त्यात मिशीचा एकेक केस मनगटाएवढा. अख्खा भूकंप मशीन मुकाट गिळत होतं, पण सरांचं कपाळ त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

त्यानं सरांना पडद्याच्या मापाचं केलं. पट्टी सरळ शेवटाला गेली. पेन ड्राइव्ह घेऊन तो हॉलकडं पळाला.

मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून, एसीच्या गारठ्यात अंग चोरून बसली होती. पडद्यावर ढिगारे आले आणि लगेच सर आले. टाळ्या पडल्या. टॉपर झाले, पेढे झाले, सनई झाली. मावशी तशीच टक लावून बसलेली.

"न्हाई आली व्हय रे ती?"

बाजूला काढलेली आई परत जोडायचं विरूपाक्ष विसरला होता. मशीनला मात्र मेमरी पुरली होती.

तो मावशीला तसाच दुकानात घेऊन आला. तेवढाच तुकडा लावला. मशीननं हूं की चूं न करता दाखवला. आईनं पदर ओढला, हसली, घागर उचलली, निघून गेली.

"घागर माझी हाय ती," मावशी म्हणाली. थोड्या वेळानं डोळे पुसून तिनं खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"परत लाव."