डोंगरीच्या खडकांवर पृथ्वीचा जन्म

रविवारी सकाळी सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या घरून आम्ही दोघं निघालो. "कहाँ चले?" शेजारच्या भाभींनी विचारलं. "डोंगरी, समुंदर पे," मी म्हणालो. पृथ्वीचा जन्म बघायला चाललोय, हे माझ्या हिंदीत सांगणं जमलं नसतं.

माझी बायको सुनीता बारा वर्षांनी पुन्हा शिकवणार होती. सोमवारी नववीचा पहिला तास. विषय सूर्यमाला आणि जीवसृष्टीचा उगम. आठवडाभर ती आरशासमोर बोलायची आणि मध्येच अडखळायची. "मुलांनी भलतंच काही विचारलं तर? अहो, मी शाळेला नाही म्हणून कळवते." धड्यातलं काही डोळ्यांनी दिसलं तर तिला धीर येईल, म्हणून मी ही सहल काढली.

भाईंदर पश्चिमेहून बस मिळाली. इमारती संपल्या, मिठागरं मागे पडली, एका वळणावर समुद्र दिसला. डोंगरीला उतरून किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती. वलांडीवर (बांबूच्या मांडवावर) बोंबील वाळत होते.

काळ्या खडकावर सुनीता एकदम वाकली. "हे निळसर हिरवं बुळबुळीत दिसतंय ना? याच्या पूर्वजांनी समुद्रात प्राणवायू सोडला. त्याआधी आपल्याला श्वाससुद्धा घेता आला नसता!" मग ती थांबेचना. वायू आणि धुळीचा ढग आकसला, मध्ये सूर्य पेटला, उरलेल्या धुळीचे गोळे झाले. एक मोठा गोळा पृथ्वीवर आदळला आणि उडालेल्या तुकड्यांचा चंद्र झाला. "तेव्हा तो किती जवळ होता! भरत्या केवढ्या येत असतील!"

माझे पाय भिजले तेव्हा कळलं, लांब गेलेला चंद्रही काही कमी नाही. आलो ती वाट पाण्याखाली गेली होती.

"ओ दादा, तिथनं न्हाय! उजवीकडनं या, खडक हाय!" बोंबील उलटणारी एक बाई ओरडली. गुडघाभर पाण्यातून सुनीता नीट पोचली. मी शेवाळावर सपशेल आपटलो आणि एक चप्पल समुद्राला दिली.

त्या फिलोमिना मावशींनी चहा दिला, तव्यावरचे कुरकुरीत बोंबील दिले. "एवढं काय हाय त्या खडकावर?" सुनीताने सगळं पुन्हा सांगितलं, एकदाही न अडखळता. मावशींचे हात थांबले.

"पन मंग पयला जीव आला कुठनं?"

आलाच तो भलता प्रश्न, मला वाटलं. सुनीताने कप खाली ठेवला. ती म्हणाली, "ते अजून कुणालाच नक्की माहीत नाही, मावशी. शोधतायत."

"बरा झाला," मावशी हसल्या. "मला वाटला, मलाच म्हाईत न्हाय."

परतीच्या बसमध्ये सुनीता म्हणाली, "उद्या तासाची सुरुवात याच प्रश्नाने करते."

सोमवारी संध्याकाळी ती आली ती आवाज बसवूनच. घंटा झाली तरी मुलं सोडत नव्हती म्हणे. मी चहा टाकला. तिला घरी राहणंच आवडतं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. कधी विचारलंच नव्हतं.